माग काढायचा तास

तासाला येताना बायका मोबाईल पदराखाली झाकून आणायच्या. कुणी पिशवीत मेथीच्या जुडीखाली, कुणी ब्लाउजमध्ये. एकीने तर पिठाच्या डब्यात आणला होता. गिरणीला जाते असं सांगून ती घरातून निघाली होती, म्हणून हातात डबा आणि डब्यात मोबाईल. स्पीकरच्या जाळीत पीठ गेलेलं, ते आम्ही दात घासायच्या जुन्या ब्रशने काढलं. भोर आणि वेल्ह्याकडच्या गावांत मी बायकांना मोबाईल शिकवते असं म्हटलं की पुण्याचे नातेवाईक विचारतात, "त्यात शिकवायचं काय? हल्ली तर रांगणारी पोरंसुद्धा वापरतात." त्यांना मी हा पिठाचा डबा सांगते.

मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. ज्यांच्या मुलांची वजनं केली त्या बायका आता सासवा झाल्यात. गावं पायाखालची, त्यामुळे एका संस्थेने हे काम विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. भोरहून एसटीने चेलाडी फाटा, तिथून मिळेल त्या गाडीने मार्गासनी, पुढे वाडीपर्यंत कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून. शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, जिथे वीज आणि सावली मिळेल तिथे वर्ग.

बटणं दाबायला बायका पहिल्या दिवशीच शिकतात. खरं शिकवायचं असतं ते निराळं. अनोळखी माणसाने मेसेज केला तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही, एवढं एक वाक्य पटवायला मला कित्येक तास लागतात. दारात आलेल्याला पाणी विचारायचं हे ज्यांच्या अंगात मुरलंय, त्यांना गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. "जेवलीस का म्हनून इचारतोय बिचारा, मॅडम. त्याला न्हाई कसं बोलायचं?" ब्लॉक करायला शिकवलं तर एक जण हात मागे घेऊन म्हणाली, "तोंडावर दार लावल्यावानी वाटतंय."

पानशेतकडे रस्त्याला झोपडीवजा हॉटेल चालवणाऱ्या एक हौसाबाई होत्या. त्यांना ज्या ज्या कंपनीची जाहिरात यायची, त्या प्रत्येकीला त्या आवाजी मेसेज करून आशीर्वाद द्यायच्या. "सुखी ऱ्हा बाळा, मला सध्या नगं." शनिवार-रविवारी येणाऱ्या पोरांनी त्यांचा भाकरी थापतानाचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं 'अस्सल गावरान आजी'. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्या भाकरी उलटत म्हणाल्या, "अस्सल म्हंजे? नकली आजी बी असती व्हय?"

आमच्या शिकवण्यातला सगळ्यांत आवडता भाग म्हणजे माग काढणं. आलेल्या मेसेजवर पुढे पाठवल्याची बाणाची खूण असते. ती दिसली की ज्याने पाठवलं त्याला फोन करायचा आणि भांडण न करता विचारायचं, तुला कुणी पाठवलं? मग त्याला ज्याने पाठवलं त्याला. असं मागे मागे जायचं. बहुतेक वेळा मध्येच धागा तुटतो, पण तोवर ज्या चार-पाच जणांनी डोळे मिटून पुढे ढकललेलं असतं ते तरी ओशाळतात. मुलं पळवणाऱ्या बायका फिरतात अशी अफवा एकदा किकवीच्या बाजूला उठली होती. गोधड्यांचं कापड विकणाऱ्या दोन बायकांना लोकांनी रस्त्यात अडवून ठेवलं. आमच्या तासाच्या बायकांनी तिथेच उभ्या उभ्या माग काढला आणि तो मेसेज भलत्याच राज्यातला, कधीचा जुना आहे हे दाखवलं, तेव्हा त्या दोघी सुटल्या. ही गोष्ट मी घरी, नातेवाइकांत, संस्थेच्या बैठकीत, सगळीकडे सांगत असे. आता सांगताना जीभ अडखळते, कारण त्याच कौशल्याने पुढे मला कुठे नेऊन उभं केलं ते सांगायचंय.

गुंजवण्याच्या अलीकडे एक वाडी आहे, नाव सांगत नाही. तिथला वर्ग बौद्धवस्तीतल्या विहारात भरायचा. किल्ली रंजनाकडे असायची. रंजना वस्तीतलीच, बचत गटाचं सगळं तीच बघायची, आवाज खणखणीत. त्याच वर्गात सुनंदा होती. तिचा नवरा दत्तू पुण्याच्या मार्केटला टेम्पो घेऊन जायचा. घरची भातशेती सुनंदा आणि सासू करायच्या.

सुनंदाला बोलायला फार आवडायचं आणि ते तिला येतही होतं. भाताच्या लावणीच्या वेळी तिने मोबाईल बांधावर पाण्याच्या कॅनला टेकवून ठेवला आणि क्रिकेटच्या सामन्याचं करतात तसं लावणीचं धावतं वर्णन केलं. हाताने रोपं लावतेय आणि तोंड चालूच. "रकमाकाकू मुठीतली रोपं सोडवत्यात, काकू वाकल्या, आन काकूंची कंबर गेली! मैदानावर डागदर न्हाई, काकू तशाच खेळणार!" मागे सगळ्या बायका हसून हसून चिखलात बसलेल्या. साडी सगळ्यांचीच खोचलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. लावणीला दुसरं कसं जाणार?

तो व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. नसरापूरच्या आठवडी बाजारात लोक सुनंदाला ओळखायला लागले. मी संध्याकाळी चहा घेताना आमच्या ह्यांना सांगितलं. हे हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. भोरमध्ये त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर तो व्हिडिओ शोधून काढला, दोनदा बघितला, मोठ्याने हसले. "हुशार आहे गं ही बाई," म्हणाले. मला बरं वाटलं.

त्यानंतर सुनंदा तासाला यायची बंद झाली. आधी वाटलं, शेताची कामं असतील. मग एका तासाला मी रंजनाला विचारलं, तर ती इकडे तिकडे बघायला लागली.

"तिचा मोबाईल घरच्यांनी पेटीत टाकलाय, मॅडम. दत्तूभाऊ तिच्याशी बोलत न्हाईत."

"का?"

रंजनाने स्वतःचा मोबाईल पुढे केला. सुनंदाच्या व्हिडिओतला एक क्षण थांबवून त्याचा फोटो केलेला होता. ती वाकलीय, तोंड उघडं, पोटऱ्या चिखलाने भरलेल्या. बोलणं नाही, हसणं नाही, मागच्या बायका कापून टाकलेल्या. खाली लिहिलं होतं, 'पूर्वी डोक्यावरचा पदर ढळत नसे. आता मोबाईल-शिक्षण घेतलेल्या आमच्या भगिनी पदर कुठवर खोचावा, हेही विसरल्या. पाहा आणि धन्य व्हा!' त्याखाली पुढच्या लोकांनी आपापली भर घातली होती. ती इथे लिहिण्यासारखी नाही. दत्तूला मार्केटमध्ये दुसऱ्या ड्रायव्हरांनी तो फोटो दाखवला होता, त्या भरीसकट.

मला संताप आला. वाचताना काही ओळखीचं वाटलं नाही का, असं नंतर एका मैत्रिणीने विचारलं. नाही वाटलं. मी सरळ म्हटलं, "रंजना, माग काढायचा. आत्ता, सगळ्यांसमोर. स्पीकर लाव."

बायका सरसावून बसल्या. रंजनाला तो मेसेज नसरापूरच्या दिराकडून आला होता. दिराने आधी उडवाउडवी केली, मग वेल्ह्याच्या एका दूध डेअरीवाल्याचं नाव सांगितलं. डेअरीवाल्याने सांगितलं, मार्गासनीचे एक गुरुजी आहेत, रिटायर झालेले, त्यांनी पाठवला. गुरुजींचा नंबर वर्गातल्याच एकीकडे होता, त्यांनी तिच्या मुलाला शिकवलेलं. रंजनाने फोन लावला. मी खुणेने तिला सांगत होते, आवाज शांत ठेव, भांडू नकोस.

"अगं पोरी, ते मी न्हाई लिहिलं," गुरुजी मोकळेपणी म्हणाले. "आमचा रिटायर शिक्षकांचा ग्रुप हाय, त्यावर आलं. भोरच्या सरांनी टाकलं. लिहिलंयबी त्यांनीच, वाचल्यावर कळतंच की, भाषा कशी हाय बघ. तुमच्याकडं त्या शिकवायला येतात न्हवं, मॅडम? त्यांचे मिस्टर."

स्पीकर चालूच होता. गुरुजी "हॅलो, हॅलो" करत राहिले. रंजनाचं बोट पडद्यावर फिरत होतं आणि बंद करायचं बटण तिला सापडत नव्हतं. शेवटी तिने मोबाईल उताणा होता तो पालथा केला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पंधरा-वीस बायका समोर बसलेल्या, आणि त्यातली एकही माझ्याकडे बघत नव्हती. कुणी चटईचा काठ उसवत होतं, कुणी बांगड्या मागेपुढे करत होतं. अंगणवाडीत असताना मी वरिष्ठांची बोलणी खाल्लीत, गावकऱ्यांनी अंगावर धावून येणं पाहिलंय. पण त्या दिवशी त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "ऊन लई हाय आज. मॅडमना पानी द्या गं."

उरलेला तास मी घेतला नाही. रंजना मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "मॅडम, तुमी काळजी करू नका. आमच्यातली कुणी बोलनार न्हाई. बाहेर शबुद जानार न्हाई."

तिला मला धीर द्यायचा होता. पण बोला, सांगा, लपवू नका, असं ज्यांना मी इतके महिने शिकवत होते, त्या माझ्या घरची लाज राखण्यासाठी गप्प बसायला तयार झाल्या होत्या. गाडी आली तेव्हा तिला नीट जय भीम म्हणायचंही मला सुचलं नाही.

घरी आले तर हे अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मी चप्पल न काढता विचारलं, "सुनंदाचा फोटो तुम्ही टाकलात?"

"कोण सुनंदा?" मग आठवलं. "अगं, ती गंमत होती. आपल्या ग्रुपपुरती."

"तिच्या घरात कुणी तिच्याशी बोलत नाही."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मी नाव थोडंच लिहिलं होतं? आणि तो व्हिडिओ तिनेच टाकला होता ना, सगळ्या जगाला बघायला?"

"तिने बोलणं टाकलं होतं. तुम्ही बोलणं काढलंत आणि पाय ठेवलेत."

त्यावर जे बोलले ते मला आजही त्या फोटोपेक्षा जास्त लागतं. म्हणाले, "ते तिला उद्देशून नव्हतंच. 'मोबाईल-शिक्षण' हा टोमणा तुला होता. दिवसभर तुझा फोन वाजतो. मॅडम इथे या, मॅडम तिथे या. मला कोण बोलावतंय आता? वाटलं, जरा चिमटा काढावा."

म्हणजे दगड माझ्या अंगावर भिरकावला आणि लागला सुनंदाला. मला त्यांची कीव आली, रागही आला, आणि हे सगळं आमच्या दोघांत मिटण्यासारखं असताना एक तिसरी बाई त्यात भरडली गेली याची इतकी शरम वाटली की मी आत जाऊन पंखा लावून नुसती बसून राहिले. त्यांनी तेवढ्यात ग्रुपवरचा फोटो पुसायचा प्रयत्न केला. आतून ओरडून सांगावंसं वाटलं की आता काय उपयोग. नाही सांगितलं. थोड्या वेळाने तेच दारात येऊन म्हणाले, "पुसला जात नाहीये."

"चला माझ्याबरोबर तिच्या घरी," मी म्हटलं.

"मी? तिच्या दारात?" पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेला माणूस चेहरा पाडून उभा होता. आले नाहीत.

मी एकटीच गेले. सुनंदाची सासू दारातच भेटली. हातातला खराटा तसाच. "आता काय शिकवायचं ऱ्हायलंय?" म्हणाली. पाठ फिरवून पुन्हा झाडायला लागली. तेवढ्यात सुनंदा गोठ्यातून आली, शेणाचे हात कोपरापर्यंत. वाळली होती. तिला कळलेलं होतं. वर्गातल्या बायका कुणाशी बोलल्या नव्हत्या, पण तिला मात्र त्यांनी सांगितलं होतं, आणि ते योग्यच होतं.

मी म्हटलं, "सुनंदा, मी माफी मागायला आलेय."

"तुमी कशापायी? तुमी लिवलंत व्हय?"

"माझ्या घरातून झालं."

"मंग घरातल्यानं मागावी." तिने बादलीत हात बुडवले. आवाज चढवला नाही. "तुमची माफी घिऊन म्या काय करू, मॅडम? तुमी तर मला कायम चांगलंच बोललात."

"मी त्यांना घेऊन येते. कसंही करून आणते."

"नगं!" ती इतक्या जोरात म्हणाली की सासूनेही वळून पाहिलं. "हितं आनू नका. सर दारात आले तर समदी वाडी गोळा हुईल. एवढा मोठा मानूस आला म्हनून त्यांचंच कौतिक. आन च्या मलाच करावा लागंल."

खराट्याचा आवाज थांबला. सासू ऐकत होती.

"त्यांनी व्हिडिओ करावा," सुनंदा म्हणाली. "माजा जसा हुता तसा. चेहरा दिसू द्या. आन ज्या ग्रुपवर माजा फोटू टाकला त्याच ग्रुपवर टाकावा. मंग त्यो हिंडंल तिकडं हिंडू द्या."

मी हा निरोप घरी सांगितला. "अशक्य," हे म्हणाले. पुढचा सबंध आठवडा आमच्या घरात ताटवाट्यांच्या आवाजाशिवाय आवाज नव्हता. मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. भोरच्या बाजारात लोक माझ्याकडे बोट दाखवतील, संस्थेत कुजबुज होईल. त्यांनी नकार दिला तर एका परीने मी सुटणार होते. हे मला जाणवलं तेव्हा त्यांच्यावर रागावण्याचा माझा हक्क अर्धा संपला असं वाटलं.

एका दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले. "घे, कर," म्हणाले.

मी मोबाईल धरला. त्यांनी सुरुवात केली, "सन्माननीय ज्येष्ठ मित्रहो, आज एका विशेष प्रसंगी..." मी थांबवलं. "हे भाषण नाही." पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. स्वातंत्र्यदिनाला तासभर बोलणाऱ्या माणसाला चार वाक्यं जमेनात. तिसऱ्या की चौथ्या वेळी ते कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. "तो फोटो मी टाकला. खालचा मजकूर मी लिहिला. त्या बाई शेतात राबत होत्या आणि मी घरात आरामात बसून त्यांच्यावर बोललो. माझं चुकलं. ज्यांनी ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी हेही पाठवावं."

पाठवायच्या आधी त्यांचं बोट पडद्यावर थांबलं. "हा कुणी कापून भलतंच काही लिहून पुढे पाठवला तर?"

"पाठवतील," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाठवला.

ग्रुपवर दोघा-तिघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, सर, एवढं मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सुप्रभाताच्या फुलांखाली सगळं दिसेनासं झालं. फोटो मात्र जेवढा फिरला होता त्याच्या पासंगालाही तो व्हिडिओ फिरला नाही. हे मी बायकांना नेहमी शिकवते, पण स्वतःच्या घरात घडताना बघणं वेगळं. तरी भोरमध्ये जेवढा पोचायचा तेवढा पोचला. ह्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं. एकदा बाजारात दोन तरुण त्यांच्याकडे बघून हसले तर मी नकळत पाऊलभर पुढे चालायला लागले, ओळख नसल्यासारखी. त्याचीही मला लाज वाटली. किती प्रकारची लाज एका माणसाला वाटू शकते हे त्या महिन्यांत कळलं.

सुनंदाने तो व्हिडिओ दत्तूच्या मोबाईलवर शेवटपर्यंत बघितला, असं रंजनाने सांगितलं. बघून एवढंच म्हणाली, "सर लईच म्हातारे दिसत्यात." दत्तूने पेटी उघडून मोबाईल तिच्या हातात दिला. तो तिच्याशी बोलू लागला. दिवाळीच्या आधी ती तासाला परत आली. बायकांनी तिला मध्ये बसवून घेतलं. मी शिकवत होते आणि माझा आवाज मलाच खोटा वाटत होता, पण ती लक्ष देऊन ऐकत होती, प्रश्नही विचारत होती.

काम मी सोडलं नाही. सोडायचं ठरवलं होतं, राजीनामाही लिहिला होता. रंजनाने फोनवर विचारलं, "मंग आमचं काय?" तेव्हा फाडला. आता माग काढायचा तास घेताना मी बायकांना आधीच सांगते की माग कधी कधी स्वतःच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. कुठे थांबला होता तेही सांगते. ह्यांना विचारूनच सांगते. हे लिहिलेलंही त्यांना वाचायला दिलं. त्यांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि कागद परत केले.

यंदा लावणीच्या दिवसांत मी त्या वाडीला गेले होते. तास नव्हता, रंजनाच्या मुलीला बघायला गेले होते, तिला बाळ झालं होतं. येताना बांधावरून चालत होते तर खालच्या खाचरात बायका ओळीने वाकलेल्या, त्यात सुनंदा. सगळ्यांच्या साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. तिची मात्र घोट्यापर्यंत सोडलेली, काठ चिखलात बुडालेला, पाऊल उचललं की जड होऊन पायाशी गुंडाळत होता. तिच्यामुळे ओळ रेंगाळत होती, आणि ओळीत कुणी बोलत नव्हतं.

मला बघून ती सरळ झाली, हात वर केला. जवळ गेल्यावर मी विचारलं, "अगं, साडी खोच ना. अडकून पडशील."

"सवय झालीया आता, मॅडम," ती हसून म्हणाली. पण बोलताना तिने माझ्या खांद्यावरून मागे, पार रस्त्यापर्यंत नजर टाकली. माझ्यामागे कुणी उभं आहे का, ते बघितलं, आणि मगच पुन्हा वाकली.